गारगोटीची धूळ आणि भक्षकपेशी : पाषाणकामगारांच्या आजाराचा इतिहास

दगड फोडणे, घडवणे, घासणे आणि पोखरणे हा माणसाच्या सर्वांत जुन्या उद्योगांपैकी एक आहे, आणि या उद्योगाला जडलेला फुफ्फुसांचा आजारही जवळजवळ तितकाच जुना असला पाहिजे. आज सिलिकोसिस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आजारात गारगोटीची, म्हणजे स्फटिकरूप सिलिकाची, अतिसूक्ष्म धूळ श्वासावाटे आत जाऊन साठत राहते, फुफ्फुसांत टणक गाठी धरतात, छातीचा भाता हळूहळू आखडतो आणि अखेरीस चार पावले चालणेही रोग्याला जड जाते. या आजाराच्या इतिहासाचे दोन धागे आहेत. एक धागा खाण, यंत्र, कामगार आणि कायदा यांचा आहे, तर दुसरा प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या गेलेल्या रोगप्रतिकारक पेशींचा आहे. हे दोन धागे शतकानुशतके वेगवेगळे चालले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकत्र आले. तेव्हा असे स्पष्ट झाले की फुफ्फुसाचा नाश धुळीच्या कणापेक्षा त्या कणाला गिळणाऱ्या पेशीच्या हातून अधिक होतो. त्याचबरोबर हेही मान्य करावे लागले की पेशींचे हे ज्ञान होण्याच्या कितीतरी आधीपासून प्रतिबंधाचा उपाय माहीत होता, आणि तो अमलात न आल्यामुळेच असंख्य माणसे दगावली.

प्रौढ माणसाच्या फुफ्फुसांत वायुकोश नावाच्या कित्येक कोटी सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यांच्या पातळ भिंतींतून प्राणवायू रक्तात उतरतो. नाकातील केस, श्वासनलिकेतील चिकट स्राव आणि त्या स्रावाला वर ढकलणारे सूक्ष्म लोम ही यंत्रणा मोठ्या धूलिकणांना वाटेतच अडवते. परंतु साधारण पाच मायक्रॉनपेक्षा लहान कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही बारीक कण, थेट वायुकोशांपर्यंत पोहोचू शकतात. तेथे लोम नसतात. तेथील सफाईचे काम मॅक्रोफेज नावाच्या मोठ्या भक्षकपेशी करतात. या पेशी वायुकोशाच्या आतल्या पृष्ठभागावर फिरत राहतात आणि आलेला जंतू, मृत पेशींचे अवशेष किंवा धुळीचा कण स्वतःत सामावून घेऊन पचवतात किंवा बाहेर वाहून नेतात. बहुतेक वेळी हे काम कोणताही गाजावाजा न होता पार पडते. निरोगी फुफ्फुस निरोगी राहते ते याच पेशींमुळे, आणि म्हणूनच त्यांच्याकडून होणारी हानी ओळखायला वैद्यकाला फार काळ लागला.

या आजाराच्या लेखी नोंदी युरोपातील खाणींच्या प्रदेशातून मिळतात. बोहेमियातील योआखिम्सथाल या खाणगावात वैद्यकी केलेल्या गेओर्ग आग्रिकोला यांचा खाणशास्त्रावरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १५५६ मध्ये प्रसिद्ध झाला. कोरड्या खाणींतील धूळ श्वासनलिकेत आणि फुफ्फुसांत शिरते, श्वास लागतो आणि माणूस झिजत जातो, असे त्यांनी त्यात नोंदवले. कार्पेथियन डोंगरातील खाणींच्या भागात एकामागून एक सात नवरे याच क्षयाने गमावलेल्या स्त्रिया आढळतात, हेही त्यांनी लिहून ठेवले. त्याच ग्रंथात खाणीत हवा खेळवणाऱ्या पंख्यांची आणि भात्यांची सविस्तर वर्णने व चित्रे आहेत, आणि धूळ तोंडात जाऊ नये म्हणून चेहऱ्यावर सैल पडदा बांधण्याचा उल्लेखही आहे. म्हणजे आजाराची पहिली स्पष्ट नोंद आणि प्रतिबंधाचा पहिला स्पष्ट सल्ला एकाच पुस्तकात, शेजारी शेजारी आहेत. पुढे सतराव्या शतकात हॉलंडमधील शरीरशास्त्रज्ञ डीमरब्रुक यांनी दम्याने मेलेल्या पाथरवटांची फुफ्फुसे चिरली, तेव्हा सुरी वाळूच्या ढिगातून जावी तशी ती कापली गेली असे त्यांनी नमूद केले. १७०० मध्ये इटलीतील मोडेना येथील बेर्नार्दिनो रामाझिनी यांनी कारागिरांच्या रोगांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि रोग्याला त्याचा धंदा विचारणे हा वैद्याच्या तपासणीचा आवश्यक भाग आहे असे प्रतिपादन केले. पाथरवटांच्या छातीच्या विकाराला त्यांनी त्या ग्रंथात स्वतंत्र प्रकरण दिले.

औद्योगिक क्रांतीने या आजाराला खाणीबाहेर काढून शहरात आणले. इंग्लंडमधील शेफिल्ड हे सुऱ्या, काटे, कात्र्या आणि वस्तऱ्यांचे शहर होते, आणि तेथे पोलादाला धार लावण्यासाठी वाळूच्या दगडाची मोठमोठी चाके फिरत. काही माल ओल्या दगडावर घासला जाई, तर जेवणाचे काटे आणि सुया कोरड्या दगडावर घासल्या जात. कारागीर फिरत्या चाकावर ओणवा बसे, त्याचे तोंड दगडापासून हातभर अंतरावर असे, आणि दगडाची व पोलादाची धूळ सरळ त्याच्या श्वासात जाई. आर्नल्ड नाइट या स्थानिक डॉक्टरांनी १८३० च्या सुमारास या 'घासकऱ्यांच्या दम्या'चे वर्णन प्रसिद्ध केले. कोरडे काम करणाऱ्यांचे सरासरी आयुष्य जेमतेम पस्तीस वर्षांचे असते आणि ओले काम करणारेही पंचेचाळिशी क्वचितच ओलांडतात, असे त्यांचे निरीक्षण होते. धूळ खेचून नेणारा पंखा आणि नळकांडे यांची सोय तेव्हाही उपलब्ध होती आणि फारशी महागही नव्हती. मात्र अनेक कारागिरांनीच तिला विरोध केला, कारण माणसे लवकर मरायची थांबली तर धंद्यात गर्दी होईल आणि मजुरी उतरेल अशी त्यांना भीती वाटे. जेथे मजुरी टिकवण्यासाठी माणसाला स्वतःचे आयुष्य पणाला लावावे लागते, तेथे उपाय माहीत असणे पुरेसे नसते, ही गोष्ट शेफिल्डने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच दाखवून दिली.

याच शतकात विकृतिशास्त्राची, म्हणजे रोगग्रस्त ऊतींच्या अभ्यासाची, भरभराट झाली. खाणकामगारांच्या फुफ्फुसांतील काळा रंग बाहेरून आलेल्या कोळशाचा की शरीरातच तयार झालेल्या रंगद्रव्याचा, यावर जर्मनीत दीर्घ वाद चालला आणि अखेर बाहेरून आलेल्या धुळीचा पक्ष सिद्ध झाला. १८६० च्या दशकात फ्रीड्रिख झेंकर यांनी धुळीने होणाऱ्या सर्व फुफ्फुसविकारांना न्यूमोकोनिओसिस या अर्थाचे नाव दिले, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत इटलीत व्हिस्कोन्ती यांनी सिलिकेच्या विकारासाठी सिलिकोसिस हा शब्द वापरला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्यांना वायुकोशांत काळ्या कणांनी भरलेल्या मोठ्या गोल पेशी दिसत आणि जर्मन ग्रंथांत त्यांना 'धूळपेशी' म्हणत. परंतु त्या पेशी तेथे काय करतात, धूळ त्यांच्यात योगायोगाने अडकते की त्या तिला मुद्दाम गिळतात, याचे उत्तर अजून मिळालेले नव्हते.

ते उत्तर फुफ्फुसाशी काही संबंध नसलेल्या एका प्रयोगातून आले. रशियन प्राणिशास्त्रज्ञ एलिया मेचनिकॉफ यांनी १८८२ च्या अखेरीस सिसिलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा खुपसला आणि दुसऱ्या दिवशी त्या काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला त्यांना दिसला. बाहेरून घुसलेल्या वस्तूकडे शरीरातील काही पेशी आपणहून धाव घेतात आणि तिला गिळून नष्ट करण्याचा प्रयत्न करतात, हा सिद्धान्त त्यांनी यावरून मांडला आणि पुढे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये वर्षानुवर्षे तो लढवला. अशा पेशींतील मोठ्यांना त्यांनी मॅक्रोफेज म्हटले. लहान व चपळ पेशींचा जो दुसरा वर्ग त्यांनी केला, त्यातील मुख्य पेशी आज न्यूट्रोफिल म्हणून ओळखल्या जातात. १९०८ मध्ये त्यांना पॉल एर्लिख यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. मेचनिकॉफ यांच्या चित्रात भक्षकपेशी ही प्रामुख्याने शरीराची रक्षक होती. हीच पेशी नाशाचेही कारण होऊ शकते, ही कल्पना रुजायला आणखी अर्धे शतक जावे लागले.

दरम्यान दक्षिण आफ्रिकेत या आजाराने पूर्वी कधी न पाहिलेले रूप धारण केले. १८८६ मध्ये ट्रान्सव्हालमधील विटवॉटर्सरँड येथे सोने सापडले. ते सोने गारगोटीने ठासून भरलेल्या अत्यंत कठीण खडकात विखुरलेले होते. तो खडक हाताने फोडणे परवडत नसल्यामुळे दाबलेल्या हवेवर चालणारे ड्रिल आले. ड्रिलचे पोलाद कोरड्या खडकात मिनिटाला शेकडो ठोके देई, छिद्रातून पांढऱ्या पिठासारखी धूळ उडे, आणि सुरुंग उडाल्यावर ती धूळ खाली बसायच्या आत पुढची पाळी कामाला लागे. ड्रिल चालवणारे गोरे खाणकामगार बहुतांशी इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातून आलेले होते. बोअर युद्धाच्या काळात, १८९९ ते १९०२ या दरम्यान, खाणी बंद पडल्या आणि हे कामगार पांगले. युद्ध संपताना मोजदाद झाली तेव्हा युद्धापूर्वीच्या १,३७७ ड्रिलचालकांपैकी २२५ जण मरण पावल्याचे सरकारी खाण अभियंत्याच्या अहवालात नोंदले गेले. ही माणसे तरुण, धट्टीकट्टी आणि चांगल्या मजुरीवर काम करणारी होती. कॉर्नवॉलमध्येही जॉन स्कॉट हॉल्डेन यांच्या चौकशीत हेच आढळले, की तिकडे परत येऊन मेलेल्या अनेक खाणकामगारांनी आयुष्यातील काही वर्षे ट्रान्सव्हालमध्ये ड्रिल चालवले होते.

१९०२ मध्ये नेमलेल्या वेल्डन आयोगाने धूळ हेच कारण ठरवले आणि पाण्याचा फवारा, ओले ड्रिलिंग व हवा खेळवण्याची व्यवस्था सुचवली. पुढे १९११ व १९१२ मध्ये तेव्हा 'खाणकामगारांचा क्षय' म्हटल्या जाणाऱ्या या आजाराला भरपाई देणारे कायदे झाले, जोहान्सबर्ग येथे वैद्यकीय संशोधन संस्था स्थापन झाली, आणि १९१६ पासून खाणकामगारांच्या नियमित तपासणीसाठी खास वैद्यकीय कचेरी उभी राहिली. क्ष-किरण चित्रांवरून सिलिकोसिसच्या पायऱ्या ठरवण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत ज्या परिषदेतून आकाराला आली, ती १९३० ची परिषदही जोहान्सबर्गलाच भरली. या सर्व व्यवस्थेचा लाभ मात्र समान नव्हता. गोऱ्या कामगाराला निवृत्तिवेतन आणि कृष्णवर्णीयाला एकरकमी तुटपुंजी रक्कम असा भेद कायद्यातच होता. शिवाय कंत्राटाची मुदत संपताच कृष्णवर्णीय कामगार दूरदूरच्या गावी परतत असल्यामुळे त्यांचा आजार खाणीच्या दप्तरात न नोंदला जाता त्यांच्या झोपड्यांत पोहोचत असे, आणि त्याबरोबर क्षयाचे जंतूही पोहोचत. या अन्यायाची आंशिक भरपाई होण्यास एक शतक लागले. सोन्याच्या खाणकंपन्या आणि आजारी कामगार यांच्यातील ५ अब्ज रँडच्या तडजोडीला जोहान्सबर्गच्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मान्यता दिली.

विटवॉटर्सरँडवरील अनुभवाने एक शास्त्रीय कोडे पुढे ठेवले. सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षय इतक्या सहजपणे का जडतो? १९२२ मध्ये इंग्लंडमधील विल्यम गाय आणि एडगर केटल यांनी प्राण्यांवर प्रयोग करून दाखवले की ज्या ठिकाणी सिलिका टोचली आहे त्या ठिकाणी क्षयाचे जंतू अधिक जोमाने वाढतात, म्हणजे सिलिका ऊतींचा स्थानिक प्रतिकारच मोडून काढते. धूळ आपल्या टोकदार कडांनी फुफ्फुस ओरबाडते ही तोपर्यंतची लोकप्रिय समजूत यामुळे डळमळली, आणि सिलिका विरघळून तयार होणारे आम्ल हेच विष आहे असा मतप्रवाह प्रबळ झाला. त्याचा एक परिणाम विपरीत झाला. ॲल्युमिनियमचा लेप बसल्यास सिलिका विरघळणार नाही, या तर्कावर कॅनडातील ऑन्टारियो प्रांताच्या खाणींत १९४३ पासून कामगारांना पाळीपूर्वी बंद खोलीत ॲल्युमिनियमची काळी भुकटी श्वासातून घ्यायला लावले गेले, आणि ही प्रथा १९७९ पर्यंत चालली. तिच्यामुळे सिलिकोसिस टळल्याचे सिद्ध झाले नाही. उलट नंतरच्या अभ्यासात या कामगारांमध्ये पार्किन्सनच्या आजाराचे प्रमाण वाढलेले आढळले. धूळ कमी करण्याऐवजी धुळीत आणखी एक धूळ मिसळण्याचा हा उपाय, रोगाची यंत्रणा अर्धवट कळली असता ते अर्धे ज्ञान मालकाच्या सोयीकडे कसे झुकते, याचे ठळक उदाहरण आहे.

या सर्व वर्षांत सिलिकोसिस हा दहा-वीस वर्षांनी प्रकटणारा जुनाट विकार मानला जाई. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील हॉक्स नेस्ट बोगद्याने त्याचे तीव्र रूप जगासमोर आणले. १९३० मध्ये गॉली ब्रिज या गावाजवळ जलविद्युत प्रकल्पासाठी डोंगरातून सुमारे पाच किलोमीटर लांबीचा बोगदा खोदण्यास सुरुवात झाली. वाटेतील खडक जवळजवळ शुद्ध सिलिकेचा निघाला. तो धातू उद्योगाला उपयोगी असल्यामुळे बोगदा आणखी रुंद करून तो खडक काढला गेला. काम महामंदीच्या काळातले होते आणि ते करणारे बहुसंख्य मजूर दक्षिणेकडून रोजगारासाठी आलेले कृष्णवर्णीय होते. ड्रिल मोठ्या प्रमाणावर कोरडे चालवले गेले, हवेची व्यवस्था अपुरी होती, आणि धुळीमुळे आत काही फुटांपलीकडचे दिसत नव्हते. माणसे काही महिन्यांतच दम लागून मरू लागली. १९३६ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीने याची सुनावणी घेतली, आणि पुढे मार्टिन चर्नियाक या वैद्यकीय संशोधकांनी केलेल्या अभ्यासात मृतांची संख्या ७६४ असावी असा अंदाज मांडला गेला.

तीव्र आणि जुनाट या दोन रूपांतील फरक समजण्यासाठी पुन्हा वायुकोशातील भक्षकपेशीकडे वळावे लागते. तीव्र रूपात धुळीचा मारा इतका मोठा असतो की वायुकोशाच्या भिंतीतील पेशी बिघडून प्रथिने व मेद यांनी भरलेला द्रव पाझरवू लागतात. एरवी असा जादा द्रव मॅक्रोफेज गिळून साफ करतात. सिलिकेने त्या स्वतःच मोडल्यामुळे वायुकोश तुडुंब भरतात आणि माणूस हवेत असूनही गुदमरतो. जुनाट रूपात मारा कमी पण दीर्घकाळ असतो. मेलेल्या मॅक्रोफेजच्या ठिकाणी नव्या येतात, त्या कणांना वाहून लसिकावाहिन्यांकडे नेतात, आणि जेथे त्या जमतात तेथे कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे थरावर थर बसून कांद्याच्या पापुद्र्यांसारखी गोल गाठ तयार होते. अशा गाठी एकमेकींत मिसळल्या की फुफ्फुसाचा मोठा भाग निर्जीव वळ होऊन बसतो. आजाराची रूपे अशी भिन्न असली तरी दोहोंच्या मुळाशी एकाच पेशीचे अपयश आहे.

हे अपयश नेमके कसे घडते, याचा उलगडा १९६० च्या दशकात झाला. त्याआधी १९५५ मध्ये क्रिस्तियाँ द ड्यूव्ह यांनी पेशीतील लायसोसोम शोधले होते. लायसोसोम म्हणजे पाचक रसायने बंदिस्त ठेवणारी सूक्ष्म पिशवी. सिकल सेल आणि मलेरिया यांचा संबंध दाखवून देणारे अँथनी ॲलिसन यांनी दक्षिण आफ्रिकेचे हॅरिंग्टन व इंग्लंडचे बर्बेक यांच्यासह १९६६ मध्ये काचपात्रातील मॅक्रोफेजना सिलिका खाऊ घातली आणि तुलनेसाठी हिऱ्याची भुकटीही दिली. दोन्ही कण पेशींनी सारख्याच तत्परतेने गिळले, दोन्हींभोवती पाचक पिशवी आली. हिऱ्याचे कण पेशीत निरुपद्रवी पडून राहिले, पण सिलिकेच्या कणांनी पिशवीचे पातळ आवरण फाडले, पाचक रसायने पेशीतच सांडली आणि पेशी स्वतःच्याच रसायनांनी मेली. हिरा सिलिकेहून कठीण असूनही निरुपद्रवी ठरल्यामुळे कणाचा कठीणपणा किंवा टोकदारपणा हे कारण नाही, त्याच्या पृष्ठभागाचे रासायनिक गुणधर्म हे कारण आहे, हे यातून ठरले. मेलेल्या पेशीतून सुटलेला कण जसाच्या तसा राहतो, पुढची पेशी त्याला गिळते आणि मरते, अशा रीतीने एकच कण एकामागून एक अनेक पेशींचा बळी घेत राहतो. पुढच्याच वर्षी हेपलस्टन आणि स्टाइल्स यांनी दाखवले की सिलिका खाल्लेल्या मॅक्रोफेजमधून निघणारा द्रव तंतुपेशींना, म्हणजे कोलॅजेन बनवणाऱ्या पेशींना, अधिक कोलॅजेन बनवायला उद्युक्त करतो. सिलिका स्वतः तंतुपेशींना हे सांगत नाही, तिला गिळणारी पेशी सांगते.

त्यानंतरच्या दशकांत या संदेशांची नावे एकेक करून कळत गेली. १९९० मध्ये उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले की ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर हे दाह भडकवणारे प्रथिन अडवले तर सिलिकेने होणारी तंतुमयता रोखता येते. २००८ मध्ये तीन स्वतंत्र संशोधक गटांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवले की सिलिका गिळलेल्या पेशीत इन्फ्लॅमासोम नावाचा प्रथिनसंच जागा होतो, आणि तो संच इंटरल्युकिन-१ बीटा हे दाहकारी प्रथिन कार्यरत करून सोडतो. हे प्रथिन रक्तातील न्यूट्रोफिलना बोलावते, न्यूट्रोफिल आपली ऊतिभेदक रसायने सांडतात, लिम्फोसाइट नावाच्या आणखी प्रतिकारपेशी जमतात, आणि जंतूशी लढण्यासाठी घडलेली सारी यंत्रणा ज्याला मारता येत नाही अशा दगडाच्या कणाशी लढत राहते. खाणकाम सोडल्यावरही आजार का वाढतो, याचे उत्तर येथे मिळते. कामगार खाणीबाहेर पडतो, पण कण फुफ्फुसातच राहतो. क्षय का जडतो, याचेही उत्तर येथेच आहे, कारण क्षयाच्या जंतूला कोंडून ठेवण्याचे काम ज्या मॅक्रोफेजवर सोपवलेले असते त्या आधीच मोडलेल्या असतात. पाथरवटांमध्ये आणि विटवॉटर्सरँडच्या खाणकामगारांमध्ये कातडी टणक होणारा स्क्लेरोडर्मा हा स्वप्रतिकाराचा विकार अधिक आढळतो, ही १९१४ व १९५७ मध्ये नोंदलेली निरीक्षणेही या दीर्घकाळ भडकलेल्या प्रतिकाराच्या संदर्भात अर्थपूर्ण ठरली.

रक्षक पेशींच्या हातून फुफ्फुसाची हानी होते हे तत्त्व सिलिकोसिसपुरते मर्यादित नाही. १९६३ मध्ये स्वीडनमध्ये लाउरेल आणि एरिक्सन यांनी रक्तातील एका प्रथिनाच्या अभावाचा एम्फिसीमाशी, म्हणजे वायुकोशांच्या भिंती झिजून जाण्याच्या विकाराशी, संबंध दाखवला. न्यूट्रोफिलच्या ऊतिभेदक रसायनांना आवर घालणे हे त्या प्रथिनाचे काम आहे, हे पुढे स्पष्ट झाले. २०२० मध्ये कोविडच्या साथीत डेक्सामेथासोन या दाहशामक औषधाने कृत्रिम श्वासयंत्रावरील रोग्यांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटवले, तेव्हाही त्या रोग्यांच्या फुफ्फुसांत विषाणूइतकाच प्रतिकाराचा अतिरेक घातक ठरत होता. परंतु कोविडमध्ये आणि सिलिकोसिसमध्ये एक मूलभूत अंतर आहे. विषाणू काही आठवड्यांत शरीरातून जातो आणि तोवर दाह दाबून धरला तर माणूस वाचू शकतो. गारगोटीचा कण मात्र जात नाही, त्यामुळे आयुष्यभर दाबून धरावा लागेल अशा दाहावर औषधांचा इलाज आजवर टिकाऊ ठरलेला नाही.

भारतात या आजाराचा इतिहास कोलारच्या सोन्याच्या खाणींपासून सांगितला जातो. म्हैसूर संस्थानातील या खोल खाणींचे कामगार सिलिकोसिसने मोठ्या प्रमाणावर ग्रासले असल्याचे १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने दाखवले. १९४८ च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिसला सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत घातले. तथापि आजाराचा मोठा भाग या कायद्याच्या कक्षेबाहेरील छोट्या शेडांत आणि घरगुती उद्योगांत राहिला. गुजरातमधील खंबायतच्या, अकीक हा शोभेचा दगड घासणाऱ्या कुटुंबांत घरातच चाक फिरत असल्यामुळे स्त्रिया व मुलेही धुळीत सापडली. मध्य प्रदेशातील मंदसौरचे उदाहरण मराठी वाचकाला अधिक जवळचे आहे, कारण पाटीवर लिहिण्याच्या ज्या पेन्सिलीने महाराष्ट्रातील पिढ्यांनी अक्षरे गिरवली त्या पेन्सिलीच्या धंद्याचे ते देशातील प्रमुख केंद्र होते. तेथील सिलिकायुक्त मऊ खडकाच्या लाद्या विजेच्या गोल करवतीवर चिरून पेन्सिली पाडल्या जात, करवत चालवणारा पात्यासमोर बसे, आणि बंद शेडात उडणारी धूळ बसायला जागाच नसे. ऐन तारुण्यात मरणाऱ्या या कामगारांचा अभ्यास अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने केला, आणि १९८२ मध्ये मध्य प्रदेश शासनाला या कामगारांच्या कल्याणनिधीसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. पात्याजवळच धूळ खेचून घेणारी यंत्रणा बसवल्यावर हवेतील धूळ मोठ्या प्रमाणावर घटते, हेही तेथेच दिसून आले.

महाराष्ट्रातील वडार आणि पाथरवट समाजांनी पिढ्यानपिढ्या छिन्नी-हातोड्याने आणि टाकीने जो दगड घडवला तो प्रामुख्याने दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे लाव्हारसापासून बनलेला काळा दगड आहे आणि त्यात मुक्त गारगोटीचे प्रमाण अत्यल्प असते. खडकाच्या जातीनुसार धोका किती बदलतो हे यावरून कळते. मात्र हा दिलासा काळ्या दगडापुरताच आहे. ग्रॅनाइट कापणे, वाळूचा झोत मारून धातू साफ करणे, काच व सिरॅमिकचे काम आणि ओतकामाच्या साच्यांतील वाळू यांद्वारे महाराष्ट्रातील कामगारही याच धुळीला सामोरा जातो.

प्रतिबंध शक्य आहे, याचा पुरावा अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील बॅरे या गावाने दिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील ग्रॅनाइटच्या शेडांत हवेच्या दाबावर चालणारी छिन्नी आली आणि दगडकाम करणारे क्षयाने व सिलिकोसिसने पटापट मरू लागले. १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून प्रत्येक हत्याराजवळ धूळ खेचणारे नळ बसवले गेले, आणि त्यानंतर कामाला लागलेल्या पिढीत सिलिकोसिस जवळजवळ नाहीसा झाला. त्या वेळी इन्फ्लॅमासोमचे नावही कोणी ऐकले नव्हते. याउलट पेशींची सर्व यंत्रणा कळून चुकल्यानंतरच्या एकविसाव्या शतकात, तुर्कस्तानातील जीन्सवर वाळूचा झोत मारणारे तरुण आणि स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी नव्वद टक्क्यांहून अधिक सिलिका असलेला कृत्रिम दगड कापणारे कामगार पुन्हा तीव्र व वेगवान सिलिकोसिसने दगावले. तुर्कस्तानने ती प्रक्रिया २००९ मध्ये बंद केली आणि ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून कृत्रिम दगडावर बंदी घातली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना व जागतिक आरोग्य संघटना यांनी १९९५ मध्ये २०३० पर्यंत सिलिकोसिसचे उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट ठरवले होते. त्या उद्दिष्टापासून जग आजही दूर आहे.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष जीवशास्त्राचा आहे, तसाच न्यायाचाही आहे. भक्षकपेशीचा अभ्यास निरर्थक ठरला असे त्यातून मुळीच निघत नाही. उलट त्या अभ्यासाने काही जुन्या सबबी कायमच्या निकालात काढल्या आहेत. शरीराला धुळीची सवय होते, काम सोडले की माणूस बरा होतो, मरतो तो क्षयाने मरतो आणि धुळीचा त्याच्याशी संबंध नाही, ही विधाने आता कोणत्याही न्यायालयापुढे टिकू शकत नाहीत. गारगोटीचा कण वायुकोशात पोहोचला की त्याला पचवण्याचे साधन मानवी शरीरात नाही. क्ष-किरण चित्रावर पहिली छाया दिसते तेव्हा फुफ्फुसातील असंख्य पेशींचा बळी गेलेला असतो. म्हणून छाया दिसल्यावर भरपाई देणारा कायदा कितीही उदार असला तरी तो उशिरा येतो, आणि सिलिकोसिसच्या बाबतीत राज्यसंस्थेचे, मालकाचे व वैद्यकाचे कर्तव्य कण श्वासात जाण्यापूर्वीच पार पाडले गेले पाहिजे. आग्रिकोला यांच्या ग्रंथानंतर सुमारे पावणेपाचशे वर्षे वैद्यकाला हे ठाऊक आहे, आणि आता त्यामागचे कारणही ठाऊक आहे. ओल्या ड्रिलचे पाणी, पात्याजवळचा धूळखेचक नळ आणि त्यांची खातरजमा करणारा निरीक्षक यांवर होणारा खर्च टाळण्यास यापुढे कोणताही शास्त्रीय आधार उरलेला नाही.